मेहकरच्या पुढच्या चढावर बंद पडलेली गाडी

चावी काढून मी हातात धरली होती आणि गाडी तरीही चालूच होती. चिखलीच्या आमच्या घरासमोर, कडुनिंबाखाली, बॉनेट थरथरत होतं. आतून कुणी पत्र्यावर हातोडी मारावी तसा आवाज येत होता. मी चावी परत घातली, फिरवली, परत काढली. काही फरक पडला नाही. शेजारच्या सीटवर माझे सासरे बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"भिऊ नोको," ते म्हणाले. "टॉप गेर टाक. बिरेक दाबून धर. आता क्लच सोड, एकदम."

सांगितलं तसं केलं. गाडीनं एक आचका दिला, आम्हा दोघांची डोकी पुढे गेली आणि ती गप्प झाली. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. "आत कोळसा धरला हाय. गाडी तापली का थो कोळसा लाल होते. तू ठिनगी बंद केली तरी त्याच्यानं पेट्रोल पेटत राह्यते. मंग तिले चावी कायले लागते?"

ते अगदी सहज बोलले, पण माझ्या मनात ते रुतून बसलं. सगळं बंद केल्यावरही आत काहीतरी लाल राहतं आणि ते आपलं ऐकत नाही. त्या दिवसापासून गाडीत बसताना माझे तळहात ओले व्हायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. मामाजींची शेती चिखलीपासून जवळच, कापूस आणि ज्वारी. ती जुनी विलायती गाडी त्यांनी एका बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याकडून घेतली होती आणि बरीच वर्षं स्वतः चालवली होती. मिस्त्रीला ते क्वचितच हात लावू देत. मग एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं महिन्याभरात बरंचसं परत आलं, जरा जड, पण कळायचं. हातपाय मात्र तसेच राहिले. माझे यजमान नागपूरला नोकरीला होते, सुट्टीत यायचे. मालिशसाठी मामाजींना पिंपळगाव राजाला एका वैद्याकडे न्यावं लागे. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नसत आणि बैलांच्या दमणीत बसून इतक्या लांब जाणं त्यांना सोसत नसे. घरात दुसरं कुणी नव्हतं. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सूनबाई, तू शिक."

सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. गावातल्या बायका काय बोलत होत्या ते माझ्यापर्यंत येतच होतं. पण मला भीती लोकांची नव्हती. मला भीती गाडीची होती.

सकाळी गार गाडी सुरू करणं हा वेगळाच जीव घेणारा प्रकार होता. चोक ओढायचा, पण गाडीनं पकडलं की लगेच थोडा थोडा आत ढकलायचा, नाहीतर ती गुदमरते. अॅक्सिलेटर पंपासारखा दाबत राहायचा नाही, नाहीतर पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजतात. बॅटरी उतरून सेल्फनं इंजिन फिरत नसेल तर पुढून हँडल मारायचं. हँडल मारताना अंगठा मुठीत वळवायचा नाही, बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, आणि वर ओढायचं, कधी खाली दाबायचं नाही. कारण इंजिन उलटं झटकलं तर हँडल मनगट मोडतं. मामाजींचं डावं मनगट असंच एकदा मोडलं होतं. ते जरा वाकडंच सांधलं होतं, आणि आता त्यांना तेवढा एकच हात उरला होता. ते हँडल कसं धरायचं ते त्या हातानं दाखवायचे आणि मला ते वाकडं मनगटच दिसत राहायचं.

हळूहळू मी शिकले. भीती गेली नाही, पण भीत भीत काम करायची सवय झाली. सर्वात जास्त भीती कशाची वाटायची ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारी बसलेला माणूस स्वतः दार उघडून उतरू शकत नाही, हे मी गाडी चालवताना क्षणभरही विसरू शकत नसे.

त्या उन्हाळ्यात सुलतानपूरला मामाजींच्या भाचीचं लग्न होतं. सासूबाई आधीच जाऊन राहिल्या होत्या. मी आणि मामाजी लग्नाच्या दिवशी पहाटे निघालो. गार वारं होतं, गाडी चांगली पळाली. सुलतानपूरला मांडवासमोर मी चावी काढली तेव्हा ती नेहमीप्रमाणे ठकठकत राहिली, वऱ्हाडी हसले, मी क्लच सोडून तिला गप्प केलं. मग ती दुपारपर्यंत उन्हात उभी राहिली.

अक्षता पडल्या. मी मामाजींना चहा नेऊन दिला आणि पाहिलं तर चहा त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळत होता. त्यांना ते कळलं नव्हतं. मी पदरानं पुसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे म्हणाले, "जीभ जड झाली. सकाळपासून."

"मी आत्याबाईंना बोलावते."

"नोको. कोनाले सांगू नोको. पोरीचं लगन हाय." थोडं थांबून म्हणाले, "ऊन लागलं म्हन. चाल घरी."

मी तसंच सांगितलं. ऊन सोसत नाही, घरी नेते. दोघा जणांनी त्यांना उचलून सीटवर बसवलं, कुणी शिदोरी दिली, कुणी बंपरला टांगलेली जाड कापडाची छागल पाण्यानं भरून दिली. मी एक पोतं भिजवून त्यांच्या खिडकीला लावलं, म्हणजे आत येणारा वारा जरा गार लागेल. सासूबाई मांडवातून हात हलवत होत्या. मीही हलवला. हसत हलवला, कारण त्या पाहत होत्या.

मेहकरला ओळखीचे एक डॉक्टर होते. त्यांच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, तेही कुठल्याशा लग्नालाच गेलेत, संध्याकाळी येतील. हे सगळं विचारत असताना मी इंजिन चालूच ठेवलं होतं, कारण बंद केलं आणि परत सुरू झालं नाही तर काय करायचं. आता कळतं की तेच चुकलं. गाडी जागेवर उभी राहून तापत गेली. पण तेव्हा मला बंद करायची हिंमत झाली नाही.

मेहकर मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी उघडी रानं, ज्वारीची धसकटं, बांधावर उपटून ठेवलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग. रस्त्यावर माणूस नाही. मामाजी मधूनमधून काहीतरी बोलत होते आणि प्रत्येक वेळी त्यातलं कमी कमी कळत होतं. मी "हो मामाजी" म्हणत होते. एका चढावर गाडीनं झटके दिले. मी अॅक्सिलेटर दाबला, ती उलट मंद झाली, आणि चढाच्या मध्यावरच बंद पडली. मी हातब्रेक ओढला, उतरून चाकामागे दगड लावला.

हे मला माहीत होतं. फार तापली की इंजिनाजवळच्या पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ओढत राहतो. बॉनेट उघडायचं, पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवायचं आणि वाट पाहायची. मी बॉनेट उघडलं. हात जवळ नेववत नव्हता इतकी धग होती. छागलीतलं पाणी फडक्यावर ओतून ते पंपाला गुंडाळलं. त्यातून वाफ निघाली. आता थांबायला हवं होतं.

मी थांबले नाही. मामाजींचं डोकं एका बाजूला कललं होतं. मी आत बसले, सेल्फ मारला, नाही. पुन्हा मारला. पाय आपोआप अॅक्सिलेटर दाबत सुटत होता. मला ठाऊक होतं की असं करायचं नाही, तरी पाय थांबत नव्हता. पेट्रोलचा वास आला, मग फार आला. मामाजींनी डावा हात माझ्या दंडावर आपटला.

"प... पा..." ते म्हणाले.

"काय मामाजी? पाणी?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तेच पुन्हा म्हणाले. आज मला वाटतं, ते 'पाय काढ' म्हणत होते. तेव्हा कळलं नाही. गाडीतलं सगळं ज्याला कळत होतं त्या माणसाचे शब्द माझ्यासमोर विरघळत चालले होते, आणि मी सेल्फ मारत होते.

बॉनेटखाली फाडकन आवाज झाला. काचेतून मला उघड्या बॉनेटच्या कडेला पिवळी ज्योत दिसली. फार मोठी नव्हती, देवघरातल्या समईपेक्षा थोडी मोठी असेल. ती कार्बोरेटरच्या तोंडावर नाचत होती.

मी चावी बंद करून बाहेर पडले आणि वळसा घालून मामाजींच्या दाराकडे धावले. दार उघडलं, त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ते हलले नाहीत. मोठ्या हाडाचे होते, आणि अर्धं अंग ओल्या मातीसारखं जड. मी पुन्हा ओढलं. तेव्हा त्यांनी डाव्या हातानं मला छातीवर जोरात ढकललं. मी दाराच्या काठावर आदळले. त्यांनी पुन्हा ढकललं. डोळे मोठे केलेले, तोंडातून नुसता घरघर आवाज. माझा हात खिडकीला लावलेल्या ओल्या पोत्यावर पडला आणि मला वाटलं, हेच ते दाखवताहेत. पोतं.

मी ते ओरबाडून काढलं आणि पुढे गेले. तोवर खाली सांडलेल्या पेट्रोलनंही पेट घेतला होता. मी डोळे बंद करून पोतं त्यावर टाकलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. हात भाजत होते हे नंतर कळलं. किती वेळ धरलं सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा पोत्याखालून धूर येत होता, ज्योत नव्हती. मी उरलेलं पाणी आजूबाजूला ओतलं. मग मी बंपरला टेकून रस्त्यावर बसले.

मागून बैलगाडी येत होती. गाडीत वाळक्या पऱ्हाट्या भरल्या होत्या, त्यामुळे गाडीवानानं धूर पाहून बैल लांबच थांबवले, जू उतरवलं आणि पळत आला. साठीच्या आसपासचा माणूस असेल, डोक्याला मळकं मुंडासं.

"पेटली का बाई?"

"विझली. आधी मामाजींना बाहेर काढा."

आम्ही दोघांनी मिळून त्यांना उचललं आणि रस्त्याकडेच्या निंबाखाली निजवलं. त्यांचा श्वास चालू होता. डोळे उघडे होते, ते माझ्याकडेच पाहत होते. गाडीवानानं त्यांना आपल्या मडक्यातलं पाणी पाजलं, अर्धं बाहेर आलं.

"हे लय बिमार हायेत," तो म्हणाला. "माया गाडीवर टाकू. पन मेहकरले जाईस्तोवर दिस मावळीन. अन् एसटी आता सांजच्यालेच."

आता मला त्या गाडीत परत बसावं लागणार होतं. सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं. रान ओलांडून, कुठेही. मी उभी राहिले, बॉनेटपाशी गेले आणि तिथे नुसती उभीच राहिले. तारांचं आवरण एका जागी वितळलं होतं, पण तुटलं काही नव्हतं. कार्बोरेटरच्या खालून अजूनही थेंब थेंब पेट्रोल गळत होतं. इंजिन बंद असताना ते गळायला नको. मामाजी सांगायचे, कार्बोरेटरच्या भांड्यात पेट्रोल भरलं की एक सुई वाट बंद करते. सुईत कचरा अडकला की वाट उघडीच राहते. तेव्हा पान्याच्या दांड्यानं भांड्यावर हलकेच टिचकी मारायची. मी पाना घेतला. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी पडेल की काय, या विचारानं पहिल्या दोन टिचक्या भलतीकडेच बसल्या. मग पान्याला पदर गुंडाळला आणि मारली. थेंब थांबले. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. पडले नाहीत.

सगळीकडचं सांडलेलं पेट्रोल पुसून काढलं, फडकं दूर फेकलं, जमिनीवर माती टाकली. या वेळी थांबले. पत्र्याला हात लावता येईपर्यंत थांबले. मग मामाजींपाशी जाऊन बसले.

"पेट्रोल जास्त झालंय मामाजी. काय करू?"

त्यांनी तोंड उघडलं, आवाज आला नाही. मग त्यांनी डावा पाय उचलायचा प्रयत्न केला आणि टाच जमिनीवर दाबली. दाबून तशीच धरली. माझ्या ध्यानात आलं. अॅक्सिलेटर तळापर्यंत दाबून धरायचा, सोडायचा नाही, पंप करायचा नाही. चोकला हात लावायचा नाही. म्हणजे नुसती हवा आत जाते आणि भिजलेले प्लग सुकतात.

"अन् हे पुन्हा पेटलं तं?" गाडीवानानं विचारलं.

"माहीत नाही. म्हणून मामाजींना इथेच राहू द्या. सुरू झाली तरच आत घेऊ."

मामाजींनी नाही नाही म्हणून मान जोरजोरात हलवली. मी तिकडे पाहिलं नाही.

सेल्फनं एक सुस्कारा टाकला आणि बॅटरी संपली. मग हँडल. मी गाडीवानाला अंगठा कसा ठेवायचा ते दाखवलं, दोनदा दाखवलं, त्याच्याकडून करून घेतलं. पोतं शेजारच्या सीटवर ठेवलं, दार उघडं ठेवलं, एक पाय बाहेर रस्त्यावर आणि दुसरा अॅक्सिलेटरवर तळापर्यंत. तो हँडल ओढायचा आणि मी खांदे आवळून पुढच्या आवाजाची वाट पाहायची. काही नाही. पुन्हा. काही नाही. त्याच्या मुंडाशातून घाम ओघळायला लागला. मग इंजिन एकदम गुरगुरलं, मागून काळा धूर निघाला आणि ते चालू झालं. गाडीवान उडी मारून बाजूला झाला. बैलांनी माना वर केल्या.

चालू इंजिनावरच आम्ही मामाजींना आत बसवलं. मी त्या माणसाला हात जोडले. तो म्हणाला, "जा बाई, थांबू नोको." चिखलीपर्यंत मी तेच वाक्य मनात म्हणत राहिले. वास आला की काळीज हलायचं, आवाज बदलला की हलायचं. मी दर थोड्या वेळानं मामाजींच्या छातीकडे बघत होते. बॉनेटच्या कडेला मला सारखं पिवळं काहीतरी दिसायचं, ते ऊन असायचं.

चिखलीचे डॉक्टर घरीच होते. दुसरा झटका होता, पण सौम्य, असं ते म्हणाले. माझ्या हातांना मलम लावलं ते मला आठवत नाही, नंतर पट्ट्या दिसल्या.

मामाजी वाचले. बोलणं या खेपेला फार सावकाश आलं, आणि पुरतं कधीच नाही. यजमान सुट्टी घेऊन आले, त्यांनी गाडी खामगावच्या मिस्त्रीकडे पाठवली. सुईच्या तोंडाशी गंजाचा कण निघाला. इंजिनाचं डोकं उघडून आतला काळा थर खरवडला, आणि त्यानंतर चावी काढली की गाडी लगेच बंद व्हायला लागली. सगळं नीट झालं, असं सगळे म्हणाले.

पावसाळ्यात एकदा मी मामाजींना जेवण भरवत होते. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. मीच म्हटलं, "तुम्ही पोत्याकडे ढकललंत म्हणून बरं झालं मामाजी. मला सुचलंच नसतं."

त्यांनी घास गिळला. बराच वेळ शब्द जुळवत होते.

"पोतं नाई," ते म्हणाले. "तुले... पळ म्हनत होतो. दूर हो म्हनत होतो. तू आयकलंच नाई."

मी ताटातला भात कालवत राहिले. ते म्हणाले, "मले लय भेव वाटलं. तुयं."

मग त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

गाडी आम्ही विकली नाही. मी पुढे कितीतरी वर्षं चालवली, त्यांना पिंपळगाव राजाला नेत राहिले. मेहकरचा रस्ता मात्र मी टाळला. एकदा नाइलाजानं तिकडे जावं लागलं तेव्हा त्या चढावर मी न विचारता गाडी थांबवली, उतरले, बॉनेट उघडून सगळीकडे हात फिरवला आणि परत बसले. आपल्या बाजूचं दार उघडतंय ना, ते मामाजींनी आतून डाव्या हातानं चाचपून पाहिलं, आणि आम्ही निघालो.